न येणाऱ्यांची वही

१२ आणि १३ ऑगस्ट २०२३, शनिवार-रविवार. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत अठरा पेशंट दगावले. ठाणे महापालिकेचं हे पाचशे खाटांचं रुग्णालय, पण ते कळवेकरांपुरतं कधीच नव्हतं. मुंब्रा-दिव्यापासून कल्याण, भिवंडी, शहापूरपर्यंतची माणसं इथं येतात. त्यात ठाण्याचं सिव्हिल नव्या इमारतीसाठी हलवलेलं, त्यामुळे तिकडचा भारही याच दारात येऊन पडला होता. अठरांपैकी बारा जण पन्नाशी ओलांडलेले होते. चौकशी समिती नेमली गेली. खाटा किती, डॉक्टर किती, आयसीयू किती, याची झाडाझडती झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण प्रशासनाच्या खुलाशातली एक गोष्ट त्या गदारोळात वाहून गेली. बरेच पेशंट अत्यवस्थ झाल्यावरच आणले गेले होते.

विषबाधा, अपघात सोडले तर माणूस सहसा एका रात्रीत अत्यवस्थ होत नाही. मग त्याआधीचे पंधरा दिवस तो कुठे असतो? कुणाच्या दवाखान्याच्या बाकावर असतो, की कुठेच नसतो?

या प्रश्नावरून माझ्या ओळखीचे दोन डॉक्टर कायम भांडतात. एक मामा, दुसरी त्यांची भाची. मामांची कळवा नाक्याजवळ तीस वर्षांहून जास्त जनरल प्रॅक्टिस आहे. भाचीनं जनऔषधशास्त्रात, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्याला पीएसएम म्हणतात त्यात, एमडी केलंय. ती पेशंट सोडून आकडे घेऊन बसते, असं मामांचं म्हणणं. मामा आकडे सोडून बाकी सगळं घेऊन बसतात, असं तिचं. मी मामांचा बीपीचा पेशंट आहे, त्यामुळे फार तटस्थ आहे असं समजू नका. दुपारी दवाखाना बंद असताना, अर्धं शटर ओढून जे बोलणं झालं ते खाली देतो आहे.

भाची : मामा, तुझ्याकडे पेशंट किती?

मामा : रोज पन्नास-साठ. पावसाळ्यात विचारू नकोस.

भाची : रोजचे नाही. तुझे म्हणून किती? उद्या कळव्यात कुणी विचारलं, ही माणसं कुणाची, तर तू किती जणांवर बोट ठेवशील?

मामा : असं नसतं गं ते. खोकला झाला की माझ्याकडे, गुडघा दुखला की समोरच्याकडे, आणि ताप तीन दिवसांत नाही उतरला तर खारेगावला तिसऱ्याकडे. शंभर-दीडशे रुपये देऊन औषध घेतो माणूस, त्यानं काय माझ्याशी लग्न लावलंय?

भाची : इथेच सगळं अडतं. इंग्लंडात प्रत्येक माणसाचं नाव कुठल्या ना कुठल्या जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, यादीत असतं. म्हणून त्यांना विचारता येतं, की तुमच्या यादीतले कोण येत्या वर्षात हॉस्पिटलात भरती व्हायची शक्यता आहे? वय, मागच्या भरत्या, आजार, गोळ्या यांवरून कॉम्प्युटर प्रत्येकाची जोखीम काढतो. २०१४ मध्ये त्यांनी योजनाच आणली. प्रत्येक प्रॅक्टिसनं आपल्या यादीतले सर्वांत जास्त जोखमीचे किमान दोन टक्के प्रौढ निवडायचे, प्रत्येकाचा लेखी आराखडा करायचा, त्याच्यासाठी एक डॉक्टर नावानिशी जबाबदार धरायचा.

मामा : मग? भरत्या कमी झाल्या?

भाची : २०१७ मध्ये योजना बंद केली. डॉक्टर म्हणाले, पेशंट बघायचे सोडून आम्ही आराखडेच भरत बसलो.

मामा : चहा घे.

भाची : थांब, अजून वाईट सांगते. दक्षिण वेल्समध्ये बत्तीस प्रॅक्टिसना असंच जोखीम सांगणारं सॉफ्टवेअर दिलं आणि नीट चाचणी घेतली. २०१८ मध्ये निकाल छापून आला. ज्यांच्या हातात सॉफ्टवेअर आलं, त्यांच्याकडच्या तातडीच्या भरत्या कमी व्हायच्या सोडून थोड्या वाढल्याच.

भाचीची ही सवय मला आवडते. आपल्या विरोधातला पुरावा ती स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवते आणि मग त्याच्या पलीकडून वाद घालते. मामांना ते जमत नाही. ते जिंकत आले की चहा मागवतात.

मामा : वाढणारच. डॉक्टरच्या हातात लाल रंगानं नाव दिलंस की तो घाबरतो. उगाच अंगावर नको म्हणून लिहितो चिठ्ठी, ‘रेफर’. आणि एक सांग, गेल्या वर्षी ज्याचे सर्वांत जास्त हाल झाले तोच या वर्षी सर्वांत जास्त आजारी पडतो, हे ठरवलं कुणी? माझ्याकडचे निम्मे तर आपोआप सावरतात. आणि ज्याचं नाव कुठल्याच यादीत येणार नाही असा पंचेचाळिशीचा, सीमेन्सच्या गेटवर दिवसभर उभा राहणारा सिक्युरिटीवाला, तो पहाटे छातीत दुखतंय म्हणून पडतो.

भाची : मान्य. इंग्लंडातही हेच दिसलं, की एकूण भरत्यांतल्या बहुतेक कमी आणि मध्यम जोखमीच्या माणसांच्याच असतात. कारण ती माणसंच संख्येनं जास्त.

मामा : मग यादी कशाला? मला नाही लागत. तो बाक बघ. आत येताना पायरी चढून कोण किती दम खातो ते मला खुर्चीतून दिसतं. गेल्या महिन्यात एक आजी आल्या, तक्रार काय तर पोट साफ होत नाही. मी म्हटलं, आधी चप्पल काढा. पट्ट्याचा वळ पायावर रुतलेला, बोटानं दाबलं तर खळगा तसाच. रात्री किती उशा घेता? म्हणाल्या, दोन घेत होते, आता नातवाची तिसरीही घेते, आडवं झालं की गुदमरतं. हार्ट फेल होत होतं. लघवीची गोळी वाढवली, मीठ तोडलं, चार दिवसांनी परत बोलावलं. भरती करावी लागली नाही. यात कॉम्प्युटर कुठे आला?

भाची : नाहीच आला. पण आजी पोट साफ होत नाही म्हणून का होईना, आल्या. म्हणून तुला वळ दिसला. ज्या आल्याच नाहीत त्यांच्या पायावरचा वळ तुला कसा दिसणार?

मामा काही बोलले नाहीत. आतल्या खोलीत कंपाउंडर ताई सिरिंजचे खोके लावत होत्या, तो आवाज तेवढा येत होता.

माझ्या मते वादाचा खरा मुद्दा हाच होता. बाकी सगळं त्याच्याभोवतीचं. जुन्या डॉक्टरची नजर मोलाची असते, ती नाकारण्यात शहाणपण नाही. ज्यांनी अशा डॉक्टरच्या हाताखाली बालपण काढलं त्यांना ते सांगायची गरज नाही. पण ती नजर उंबरठ्याच्या आतच चालते. येणाऱ्यांबद्दल तिला सगळं ठाऊक असतं, न येणाऱ्यांबद्दल काहीच नाही. आणि अत्यवस्थ होऊन दाखल होणारे पुष्कळदा या दुसऱ्या गटातले असतात. भाचीनं मग त्याच वेल्समधलं दुसरं उदाहरण काढलं.

भाची : ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. १९६१ पासून ग्लिनकॉरुग या कोळसा खाणीच्या गावात प्रॅक्टिस करायचे. दीडदोन हजारांची वस्ती, गरिबी, खाणी बंद पडत चाललेल्या. चांगली वैद्यकीय सेवा ज्यांना सर्वांत जास्त लागते त्यांनाच ती सर्वांत कमी मिळते, हा नियम १९७१ साली त्यांनीच मांडला. या माणसानं ठरवलं, गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं बीपी मोजायचं. आलेल्यांचं तर मोजलंच. जे आले नाहीत त्यांची नावं काढून त्यांच्या मागे लागला. पंचवीस वर्षं. पुढे हिशेब केला तेव्हा अकाली मृत्यूंचं प्रमाण शेजारच्या तशाच गावापेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी निघालं. तिथे सॉफ्टवेअर नव्हतं, वही होती.

मामा : आणि पैसे सरकारकडून यायचे. गावात दुसरा डॉक्टर नव्हता. कळव्यात मी एखाद्याच्या घरी जाऊन म्हटलं, ‘काय हो, दोन महिने आला नाहीत’, तर लोक काय म्हणतील ठाऊक आहे? डॉक्टरचा धंदा बसलाय, आता पेशंट गोळा करत फिरतोय. आम्ही जाहिरात करायची नाही, ग्राहक खेचायचे नाहीत, हे आमच्या नीतिनियमांत लिहिलंय. खरी काळजी आणि गिऱ्हाईक ओढणं, यात फरक कुणी करायचा?

हा आक्षेप मला नवा होता, आणि तो पोकळ नाही. खासगी डॉक्टरनं न बोलावता विचारपूस केली तर संशय येतो, कारण प्रत्येक भेटीला पैसे लागतात. जिथे डॉक्टरला माणसामागे ठरावीक रक्कम मिळते तिथे फोन म्हणजे सेवा. जिथे भेटीमागे मिळते तिथे तोच फोन म्हणजे वसुली वाटते.

भाची : मग तुला कळतं तरी कधी, की एखाद्यानं गोळ्या सोडल्या?

मामा : कळतं ना. गणपतीनंतर कळतं. अर्धं कळवा कोकणात जातं. पंधरा दिवसांच्या गोळ्या घेऊन निघतात, गौरी जेवल्या, विसर्जन झालं, मग गावी चार दिवस आणखी राहतात. तोवर गोळ्या संपलेल्या. तिथे फरसाण, पापड, लोणचं. परत आले की रांग लागते, बीपी एकशे ऐंशी-शंभर. रमजानमध्ये मुंब्र्याच्या शुगरवाल्यांचं तसंच. सकाळची गोळी कधी घ्यायची ते आधी येऊन विचारतात त्यांचं ठीक चालतं. जे विचारत नाहीत ते आपल्या मनानं बंद करतात.

भाची : आणि जे त्या रांगेतही दिसत नाहीत?

मामा : ते मला विचारू नकोस. मेडिकलवाल्याला विचार.

भाची : म्हणजे?

मामा : अगं, लोक माझ्याकडे सहा महिन्यांतून एकदा येतात, मेडिकलवर दर महिन्याला. जुनी चिठ्ठी दाखवायची, नाहीतर नुसतं रिकामं पाकीट पुढे करायचं. कुणी तीस गोळ्या घ्यायचा तो दहाच न्यायला लागला, कुणी म्हणतो आज शुगरची द्या, बीपीची पुढच्या पगाराला. काहींची उधारीची वही आहे त्याच्याकडे. तीन महिने ज्याच्या पानावर काही चढलं नाही, त्यानं एकतर डॉक्टर बदलला किंवा औषध सोडलं. मला जे सहा महिन्यांनी कळतं ते त्याला दुसऱ्या महिन्यात कळतं.

भाची : तीस वर्षांत हे तू मला आज सांगतोयस!

मामा : तू आकडे विचारतेस. हे आकडे कुठे आहेत?

भाची वहीत काहीतरी लिहू लागली. मग थांबली. दुकानदारानं गिऱ्हाईकाचं औषध डॉक्टरला परस्पर सांगणं बरोबर नाही, हे तिचं तिलाच आठवलं. पेशंटच्या तोंडून आधी होकार घ्यावा लागेल, म्हणाली. चिठ्ठी लिहितानाच विचारायचं, की तुम्ही गोळ्या न्यायला आला नाहीत तर आम्ही फोन केला तर चालेल का? मामा म्हणाले, चालेल म्हणतील, सगळे चालेलच म्हणतात, फोन उचलणं वेगळं.

मग गाडी पैशांवर आली, आणि इथे मामांचा आवाज चढला.

मामा : सरकार पैसे कशाला देतं ते बघ. महात्मा फुले जन आरोग्य योजना. पाच लाखांपर्यंत उपचार मोफत. चांगली गोष्ट आहे, माझ्या कित्येक पेशंटची अँजिओप्लास्टी त्यात झाली. सत्तरीपुढच्यांना आता आयुष्मानचं वेगळं कार्ड, तेही पाच लाखांचं, श्रीमंत-गरीब न बघता. पण हे पैसे सुटतात कधी? माणूस खाटेवर पडल्यावर. बीपीची गोळी महिन्याला शंभर-दोनशे रुपयांची, ती त्यानं खिशातून घ्यायची. ती परवडली नाही, बंद केली, अर्धांगवायू झाला, की पाच लाख तयार! पडायच्या आधी आधार द्यायला कुणी पाच रुपये देत नाही. आणि तू मला सांगतेस यादी कर.

भाची : यावर माझं भांडण नाही.

मामा : यादीचं म्हणशील तर याद्या पायलीला पन्नास झाल्या. २०२० साली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ आली. घरोघर जाऊन ताप बघितला, ऑक्सिमीटर बोटाला लावला, कुणाला शुगर, कुणाला बीपी, कुणाची किडनी, सगळं टिपलं. आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा तो फॉर्म भरतात, काय त्याचं नाव...

भाची : सीबॅक. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर. चारच्या वर गुण झाले की तपासणीला पाठवायचं. एका फॉर्मचे आशाला दहा रुपये.

मामा : दहा रुपये फॉर्मचे. फॉर्मनंतरच्या फेऱ्यांचं काय? त्यातलं एखादं नाव घेऊन कुणी माझ्या दारात आलं असतं, ‘डॉक्टर, हा तुमच्या गल्लीतला, याला बघा’, तर मी नाही म्हटलं असतं का?

इथवर मामा वरचढ होते, हे मान्य करायला हवं. जोखीम ओळखण्याचं कौतुक आपल्याकडे फार आहे. ओळखल्यावर दुसऱ्या दिवशी कोण काय करणार, हे विचारलं की सगळे छताकडे बघतात. पण भाचीकडे एक उत्तर होतं, आणि ते परदेशातलं नव्हतं.

भाची : मामा, नवजात बाळाचं काय करतो आपण? बाळ घरी आलं की आशा तिसऱ्या दिवशी जाते, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वजन, ताप, दूध ओढतं का, श्वास किती. पूर्ण फेऱ्या केल्या की अडीचशे रुपये. देशभर चालतं हे. आलं कुठून? गडचिरोलीहून. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं, की धोक्यातलं बाळ ओळखायचं कसं आणि घरातच करायचं काय. १९९९ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आता मला सांग, बेचाळीस दिवसांच्या बाळासाठी दार वाजवायचं वेळापत्रक आहे. आणि बहात्तर वर्षांचा माणूस हार्टसाठी भरती होऊन घरी आला, तर त्याच्या दारावर तिसऱ्या दिवशी कोण जातं?

मामा : नातेवाईक. शहाळं घेऊन.

भाची : आणि डिस्चार्ज कार्ड?

मामा : पिशवीत. अगं, ती एक वेगळीच गंमत. कार्डावर आठ औषधं लिहिलेली. घरात आधीची चार. हॉस्पिटलनं त्यातलीच दोन लिहिली, पण कंपनी दुसरी, त्यामुळे नाव दुसरं. घरच्यांना वाटतं ही नवीन. दोन्ही चालू! बीपीची गोळी दुप्पट. पहाटे लघवीला उठले, डोळ्यांपुढे अंधारी, बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं. परत हॉस्पिटल. दोन पिशव्या शेजारी ठेवून बघितल्या असत्या तर दहा मिनिटांचं काम होतं.

भाची : हे दहा मिनिटांचं काम म्हणजेच माझा सगळा विषय. लोकांना वाटतं जोखीम ओळखणं म्हणजे काहीतरी भविष्य बघणं. अरे, हॉस्पिटलातून घरी आला हीच जोखीम. पहिल्या महिन्यातच तो परत जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

मामांनी मात्र पुढची चाल खेळली. तीही चांगली होती. मामा वाचत नाहीत असं भाची समजते, तेवढं ते खरं नाही.

मामा : तुझा तो डॉक्टर-लेखक गावंडे. अतुल. त्याचे वडील आत्माराम गावंडे आपल्याकडचेच, विदर्भातल्या उटी गावचे, अमेरिकेत सर्जन झाले. अतुलनं २०११ मध्ये लिहिलं होतं अमेरिकेतल्या कॅमडेन शहराबद्दल. जेफ्री ब्रेनर नावाचा फॅमिली डॉक्टर. शहरातले जे थोडे लोक पुन्हा पुन्हा हॉस्पिटलात येतात त्यांना शोधायचं आणि त्यांच्या घरी नर्स पाठवायची. तूच मला दिला होतास वाचायला. सगळ्या जगानं टाळ्या वाजवल्या. पुढचं तू सांगत नाहीस, मी सांगतो.

भाची : सांगते मीच. २०२० मध्ये चाचणी छापून आली. आठशे पेशंट, चिठ्ठ्या टाकून दोन गट. सहा महिन्यांत परत भरती किती? ज्यांच्या घरी टीम गेली त्यांच्यात ६२.३ टक्के, ज्यांच्याकडे नाही गेली त्यांच्यात ६१.७. काही फरक नाही.

मामा : मग गडचिरोलीत दार वाजवून चाललं, कॅमडेनमध्ये का नाही?

या प्रश्नावर भाची बराच वेळ बोलली. थोडक्यात तिचं म्हणणं असं. कॅमडेनमधली माणसं आधीच इतक्या बिघडलेल्या अवस्थेत होती, कुणाला घर नाही, कुणाला व्यसन, कुणाला चार-चार आजार, की दारात उभ्या राहिलेल्या नर्सच्या हातात त्यांना द्यायला फारसं काही नव्हतं. ती अपॉइंटमेंट घेऊन देऊ शकत होती, घर देऊ शकत नव्हती. गडचिरोलीतल्या बाईच्या पिशवीत वजनकाटा होता, जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिन होतं, आणि ते टोचायचं कसं हे तिला शिकवलेलं होतं. तेव्हा दार वाजवणं हा उपाय नव्हेच. उघडल्यावर हातात काय आहे, तो उपाय. आणि म्हणून सगळ्या आजारांची यादी करायची नाही. ज्यात दहा-पंधरा मिनिटांत काहीतरी करता येतं तेवढेच घ्यायचे. हार्ट फेलमध्ये रोजचं वजन, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन. दम्याचा पंप नीट ओढतात की तोंडातच मारतात, ते बघणं. शुगरवाल्याचा पाय उघडून बोटांच्या मधल्या फटी बघणं. दोन पिशव्या शेजारी ठेवणं. बीपीची गोळी शिल्लक आहे का.

मामांना हे पटलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला. बीपीचं म्हणशील तर साताऱ्याला, सिंधुदुर्गात सरकारी दवाखान्यांत ते केलंय ना काहीतरी, म्हणाले. केलंय, भाची म्हणाली. २०१७-१८ पासून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांत. सगळ्यांना एकच ठरलेला औषधक्रम, एका वेळी महिन्याच्या गोळ्या, प्रत्येकाचं कार्ड, आणि जो ठरल्या दिवशी आला नाही त्याला फोन. कार्डांचे गठ्ठे महिन्यांप्रमाणे लावायचे. महिना संपला तरी ज्यांची कार्डं त्या गठ्ठ्यातून हलली नाहीत, तेच न आलेले. त्यात हुशारी काही नाही, नुसती शिस्त आहे.

‘आणि ते सरकारी आहे,’ मामा म्हणाले.

‘आहे. पण गठ्ठा लावायला सरकार लागत नाही.’

खासगी दवाखान्याच्या जीवावर सार्वजनिक आरोग्याचं ओझं टाकणं मला स्वतःला पूर्ण पटत नाही. त्यापेक्षा महापालिकेनं कळव्यातल्या जनरल प्रॅक्टिशनरना हॉस्पिटलातून घरी परतलेल्या प्रत्येक पेशंटमागे, बाळाच्या बेचाळीस दिवसांसारखं, काही ठरावीक मानधन द्यावं, रुग्णालयातून डिस्चार्ज होताना पेशंटच्या जवळच्या दवाखान्याचं नाव कार्डावर लिहावं आणि त्या डॉक्टरला त्याच दिवशी निरोप जावा. एवढं झालं तर पाचशे खाटांपैकी काही तरी मोकळ्या राहतील, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही. चाचण्यांचा इतिहास मी वर सांगितलाच आहे आणि तो उत्साह वाढवणारा नाही. पण दवाखाना दुपारी चार तास बंद असतो, फोनही असतोच, तेव्हा मानधनाची वाट बघत बसायची तरी काय गरज, हे भाचीचं म्हणणंही खोडता येत नाही.

चार वाजत आले होते. कंपाउंडर ताई बाहेर आल्या. त्या याच दवाखान्यात पंधरा-वीस वर्षं आहेत. भास्करनगरच्या चढावर राहतात, आणि येता-जाता त्यांना कळतं तेवढं मामांना कळत नाही. भाचीनं त्यांनाच विचारलं.

‘ताई, पूर्वी नेमानं यायचे आणि आता येत नाहीत, असे बीपी-शुगरवाले आठवतात?’

‘चिक्कार.’

‘नावं सांगाल?’

ताईंनी मामांकडे बघितलं. मामांनी हातानंच ‘सांगा’ म्हटलं. मग ताईंनी न थांबता नावं घ्यायला सुरुवात केली. कुणाचा मुलगा डोंबिवलीला गेला, म्हणून आणायला कुणी नाही. कुणाची कंपनी सुटली, तेव्हापासून गोळ्या बंद. एक बाई सुनेला सांगायची लाज वाटते म्हणून येत नाही. एकाला जूनमध्ये भरती केलं होतं, घरी आलाय, पण चढण चढवत नाही म्हणून खालीच उतरत नाही. भाची भराभर लिहीत होती. मामा ऐकत होते, आणि मधूनच ‘तो? तो तर ठीक होता की’ असं म्हणत होते.

‘आणि हे कोपऱ्यावरचे काका,’ ताई म्हणाल्या, ‘त्यांनी तर सगळंच सोडलंय. पण ते आता आपले नाहीत. ते समोरच्या डॉक्टरांकडे जातात. त्यांना लिहायचं का?’

भाचीनं पेन उचललं आणि मामांकडे बघितलं.

‘समोरच्याला फोन केला,’ मामा म्हणाले, ‘तर तो म्हणणार, मी त्याचे पेशंट पळवतोय.’

‘मग नको लिहू?’

‘लिही गं. आधी लिही. त्याच्याशी भांडण मी संध्याकाळी करतो.’